ब्रेकची हवा काढूनही पेडल भुसभुशीत? पुन्हा निपल उघडण्याआधी हे तपासा

अर्धा लिटर ब्रेक ऑइल संपलं. चारही चाकांच्या निपलमधून (हवा सोडायच्या पोकळ स्क्रूमधून) स्वच्छ तेल येतंय, नळीत एकही बुडबुडा दिसत नाही, आणि तरी पेडल पायाखाली दबतंच आहे. अशा वेळी पाना घेऊन माणूस पुन्हा पहिल्या चाकापाशी जाऊन बसतो. तसं करू नका. पद्धत बरोबर असेल तर एका निपलमागे १५ ते २० दाब बहुतेक गाड्यांना पुरतात. दोन फेऱ्या होऊनही पेडल सुधारलं नाही, तर हवा अशा जागी अडकली आहे जिथून ते निपल तिला बाहेर काढूच शकत नाही, किंवा मग दोष हवेचा नाहीच. दोन्ही बाबतींत तिसरी फेरी फुकट जाते.

खाली मुख्यतः कारबद्दल लिहिलं आहे. मोटारसायकलला जिथे वेगळी वागणूक लागते तिथे तसं सांगितलं आहे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून चाकाजवळ बसू नका. स्टँड लावा आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. पेडल वर आणि कडक होईपर्यंत गाडी रस्त्यावर न्यायची नाही, अगदी गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नाही.

आधी पायाने तपासा

इंजिन बंद ठेवा. बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपावा म्हणून पेडल चार-पाच वेळा दाबा. मग अर्धा मिनिट थांबून एकदा सावकाश दाबा आणि ते कुठवर जातं, कसं लागतं ते लक्षात ठेवा. त्यानंतर पटापट दोन-तीन पंप मारून शेवटच्या दाबाला पाय तसाच ठेवा. या एका मिनिटात निम्मं निदान होतं.

पहिला दाब खोल गेला, पण पंप मारल्यावर पेडल वर आलं आणि दगडासारखं कडक झालं, तर हवेला दोष देऊ नका. हवा असती तर वर आलेलं पेडलही स्प्रिंगसारखं दबलं असतं. इथे पॅड डिस्कपासून किंवा लायनर ड्रमपासून लांब राहतायत, आणि पहिल्या दाबाचं तेल फक्त ती फट भरण्यात जातंय. मागे ड्रम असलेल्या गाड्यांत हे फार वेळा घडतं. लायनर बदलले, हवा काढली, पण ॲडजस्टर फिरवून लायनर ड्रमजवळ आणलेच नाहीत. चाक हाताने फिरवताना लायनर हलकेच घासल्याचा आवाज येईपर्यंत ॲडजस्टर फिरवा, मग चाक मोकळं फिरेल इतपत किंचित मागे घ्या. हे करताना हँडब्रेक पूर्ण सोडलेला हवा. त्याची केबल ताणलेली असेल तर लायनर आधीच उघडलेले असतात आणि ॲडजस्टमेंट चुकते.

मागे डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरवर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावर) चालत असेल, तर पिस्टन बहुधा ढकलून नव्हे, फिरवून आत बसवावा लागतो. बसवल्यावर आतली स्वयंचलित ॲडजस्टमेंट जागेवर यायला हँडब्रेक बऱ्याच वेळा ओढून सोडावा लागतो. इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या गाडीत हे काम सर्व्हिस मोडमध्ये घेतल्याशिवाय सुरूच करू नका. गाडी चालवल्यानंतर पहिलाच दाब खोल जात असेल आणि उभ्या गाडीत ठीक लागत असेल, तर व्हील बेअरिंगमधली ढिलाई आणि वाकडी डिस्क बघा. डोलणारी डिस्क पिस्टनला मागे ढकलते.

पंप मारल्यावर पेडल वर आलं, पण तरीही स्प्रिंगसारखं दबतंय, तर मात्र हवाच आहे.

पेडल सुरुवातीला चांगलं लागलं, पण पाय तसाच ठेवल्यावर १५-२० सेकंदांत हळूहळू खाली सरकू लागलं, तर तेल कुठेतरी निसटतंय. बाहेर गळत असेल तर ओल दिसेल: निपल, पाइपचे जोड, व्हील सिलेंडरची रबरी टोपी, आणि मास्टर सिलेंडर (पेडलच्या जोराने तेल ढकलणारा सिलेंडर) जिथे बूस्टरला जोडलेला असतो ती जागा. बाहेर सगळं कोरडं आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी जिथल्या तिथे, तर मास्टर सिलेंडरच्या आतल्या सीलवरून तेल मागे जातंय. याला ब्लीडिंगचा (हवा काढण्याचा) उपाय नाही.

चौथा प्रकार सर्वात गोंधळात टाकणारा आहे. पेडल खाली सरकत नाही, पंपाने फारसं वरही येत नाही, फक्त सतत मऊ लागतं. जुन्या रबरी होज दाबाखाली फुगतायत का, कॅलिपरच्या सरक-पिना जाम होऊन पॅड तिरपा बसलाय का, नवे पॅड जुन्या खोलगट झालेल्या डिस्कवर फक्त कडेला टेकतायत का, हे बघा. होज तपासायला सहकाऱ्याला पेडल जोरात दाबायला सांगा आणि होज बोटांत धरा. फुगणारी होज हाताला कळते.

इंजिन चालू केल्यावर पेडल थोडं खाली जाणं हा दोष नाही, तो बूस्टर काम करतोय. इंजिन बंद असताना घट्ट असलेलं पेडल चालू केल्यावर बोटभर उतरलं म्हणून कित्येक जण पुन्हा निपल उघडतात. तुलना नेहमी बंद इंजिनवरच करा.

एवढ्याशा बुडबुड्याने एवढा फरक का पडतो

हिशोब सोपा आहे. मास्टर सिलेंडरचा बोअर (आतला व्यास) २० मिलिमीटर असेल तर पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस सेंटिमीटर होतं. १ मिलिलिटर हवा दाबली जायला पिस्टनला जवळपास ३.२ मिलिमीटर जास्त सरकावं लागतं. पेडलची तरफ चारपट धरली तर पायाखाली ते सुमारे १३ मिलिमीटर होतात. मोटारसायकलचा १४ मिलिमीटरचा मास्टर सिलेंडर घेतला तर तेवढ्याच हवेसाठी पिस्टन ६.५ मिलिमीटर सरकतो. पाचपट तरफ धरल्यास लिव्हरच्या टोकाशी हे ३ सेंटिमीटरहून जास्त होतं, म्हणजे लिव्हर जवळपास मुठीला टेकते. कारमध्ये चालून जाईल असा बुडबुडा मोटारसायकलचा ब्रेक निकामी करतो तो यामुळेच.

बुडबुडे थांबतच नाहीत

हाताने ओढायचा व्हॅक्यूम पंप वापरत असाल तर आधी त्याच्यावरच संशय घ्या. निपल सैल केलं की त्याच्या आट्यांभोवती फट राहते, आणि पंप तेलाबरोबर तिथूनही बाहेरची हवा ओढतो. ती नळीत बुडबुड्यांची न संपणारी माळ होऊन दिसते. आत हवा नसतानाही माणूस तेल ओतत राहतो. खात्री करायची असेल तर पंप बाजूला ठेवा, निपलला नळी लावून तिचं टोक तेलात बुडवा आणि सहकाऱ्याला पेडल हळू दाबायला सांगा. बुडबुडे गेले तर ते आट्यांतून येत होते. पंपच वापरायचा असेल तर निपल काढून आट्यांवर टेफ्लॉन टेपचा पातळ थर द्या, पण टोकाच्या शंकूवर आणि आडव्या छिद्रावर टेप येऊ देऊ नका. निपल शंकूवर बसून सील होतं, आट्यांवर नाही. टेपचा तुकडा आत गेला तर दुसरंच दुखणं सुरू होतं. घरच्या कामासाठी मी दोन माणसांची जुनी पद्धत किंवा टाकीवर बसणारा प्रेशर ब्लीडर निवडेन. प्रेशर ब्लीडरला १ बारच्या आसपासचा दाब पुरतो. जास्त दाबाने काम लवकर होत नाही, उलट टाकीची टोपी गळू लागते.

दोन माणसांत काम करताना चूक बहुधा क्रमात होते. पेडल दाबा आणि धरून ठेवा. निपल पाव ते अर्धा वळसा उघडा. तेल यायचं मंदावलं की निपल बंद करा, आणि मगच पेडल सोडा. निपल बंद व्हायच्या आत पाय वर आला की बाहेर काढलेलीच हवा परत आत जाते. चाकापाशी बसणाऱ्याने 'दाब' आणि 'सोड' हे दोनच शब्द बोलावेत आणि पेडलवरच्याने 'दाबलंय' असं उत्तर द्यावं. पेडल सोडल्यावर दोन-तीन सेकंद थांबा, मास्टर सिलेंडर भरायला तेवढा वेळ लागतो.

नळी पारदर्शक आणि निपलवर घट्ट बसणारी हवी, आतला व्यास ५ किंवा ६ मिलिमीटर. सैल नळीतही बाहेरची हवा शिरते. नळी निपलपासून आधी वर जाऊन मग बाटलीत उतरू द्या, म्हणजे बुडबुडा वर जातो आणि निपलशी नेहमी तेल राहतं.

पेडल धडाधड मारू नका. जोराने घुसळलेल्या तेलात मोठा बुडबुडा फुटून फेसासारखे बारीक बुडबुडे होतात, आणि ते तासन्‌तास पाइपच्या भिंतींना चिकटून बसतात. तसं झालंच असेल तर काम थांबवा, दोन-चार तासांनी पुन्हा करा.

दर पाच-सहा दाबांनी टाकी बघा. पातळी खालच्या खुणेच्या आत गेली आणि मास्टर सिलेंडरने एकदा हवा ओढली, तर सगळं काम पहिल्यापासून.

बुडबुडे नाहीत, पेडल मऊच

हवा वर जाते. त्यामुळे प्रश्न एकच: या सर्किटमध्ये (तेलाच्या बंद वाटेत) निपलपेक्षा उंच जागा कोणती?

कॅलिपर काढून पुन्हा बसवले असतील तर सर्वात आधी निपलची जागा पाहा. निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला हवं. काही गाड्यांत डावा कॅलिपर उजवीकडे अगदी नीट बसतो, बोल्टही जुळतात, फक्त निपल खाली येतं. मग वरच्या पोकळीतली हवा कितीही तेल ढकललं तरी तिथेच राहते. कॅलिपर अदलाबदल करा. मोटारसायकलच्या काही मागच्या कॅलिपरमध्ये निपल मुळातच तिरपं येतं. तिथे कॅलिपर सोडवून निपल सर्वात वर येईल असा धरा, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीचा लाकडी तुकडा घाला आणि मग हवा काढा. तुकडा विसरलात तर पिस्टन बाहेर येईल.

मास्टर सिलेंडर नवा असेल किंवा कोरडा पडला असेल तर हवा त्याच्याच आत असते, आणि चाकाकडून ती सहसा निघत नाही. तो गाडीत चढवण्याआधी व्हाइसमध्ये आडवा धरा, दोन्ही तोंडांना नळ्या लावून त्यांची टोकं टाकीतल्या तेलात बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन हळूहळू ढकला. मग तोंडांना बुचं लावा. हवा राहिली नसेल तर पिस्टन जेमतेम काही मिलिमीटर सरकून अडतो.

हीच युक्ती गाडीतही निदानासाठी उपयोगी पडते. पाइप सोडवून मास्टर सिलेंडरच्या तोंडांना योग्य आट्यांची बुचं लावा आणि पेडल दाबा. पेडल वरच कडक अडलं तर मास्टर सिलेंडर ठीक आहे आणि दोष पुढे आहे. त्यानंतर पाइप पुन्हा जोडून रबरी होज एकेक करून गुळगुळीत जबड्याच्या होज क्लॅम्पने बंद करा. ज्या चाकाची होज बंद केल्यावर पेडल एकदम सुधारेल, ते चाक उघडून पाहा. साध्या पकडीने किंवा ग्रिप प्लायरने होज चिरडू नका, आणि स्टीलच्या जाळीच्या होजवर क्लॅम्प कधीच लावू नका.

मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकमध्ये सर्वात उंच जागा हँडलवर असते, होज जिथे बॅन्जो बोल्टने (आतून तेल जाऊ देणाऱ्या पोकळ बोल्टने) मास्टर सिलेंडरला जोडली जाते तिथे. कॅलिपरकडून ओढलेलं तेल त्या कोपऱ्यातल्या हवेच्या खालून निघून जातं. हँडल वळवून जोड मास्टर सिलेंडरपेक्षा थोडा उंच होईल असा ठेवा, जोडाभोवती फडकं गुंडाळा, लिव्हर दाबून बॅन्जो बोल्ट किंचित सैल करा, फुसकन हवा आणि तेल आलं की लिव्हर सोडण्याआधी आवळा. नंतर तांब्याचे वॉशर पाझरत असतील तर नवे घाला. एकदा चेपलेले वॉशर नेहमीच पुन्हा सील होतात असं नाही.

रात्रभर लिव्हर बांधून ठेवायची प्रथा सगळ्यांना माहीत आहे. ती उपयोगी पडते, कारण दाबाखाली बुडबुडे लहान होऊन भिंतीपासून सुटतात आणि वर सरकतात, आणि सकाळी लिव्हर सोडली की मास्टर सिलेंडरच्या परतीच्या छिद्रातून टाकीत जातात. सोडल्यावर हलके हलके टिचक्या मारत लिव्हर थोडी थोडी दाबा, टाकीत बारीक बुडबुडे दिसतील. पण या उपायाने फक्त उरलीसुरली हवा जाते. लिव्हर मुठीला टेकत असेल तर तो करण्यात रात्र घालवू नका. त्यापेक्षा ५० मिलिलिटरच्या सिरिंजने निपलमधून खालून वर तेल ढकला. हवा जिकडे जायला बघते तिकडेच तुम्ही तिला ढकलत असता. आधी टाकी अर्धी रिकामी करा, नाहीतर तेल पेंटवर सांडेल.

एबीएसच्या गाडीत टाकी पूर्ण रिकामी झाली असेल किंवा मॉड्युलेटर (एबीएसच्या व्हॉल्व्ह आणि पंपाचा संच) बदलला असेल, तर हवा त्याच्या आतल्या बंद व्हॉल्व्हमागे राहू शकते. साध्या ब्लीडिंगमध्ये तेल तिथून फिरतच नाही. याची खूण अशी: पेडल आधी बरं असतं आणि एबीएस एकदा चालल्यावर अचानक मऊ पडतं. इथे स्कॅनरने व्हॉल्व्ह आणि पंप चालवून हवा काढावी लागते, आणि त्यानंतर चारही चाकं पुन्हा. फक्त एका कॅलिपरचं काम केलं असेल आणि टाकीत तेल कायम होतं, तर एबीएस असूनही साधी पद्धत पुरते. उगाच घाबरू नका.

निपल उघडलं, पण तेल येत नाही

बहुतेक वेळा छिद्र गंजाने भरलेलं असतं. निपल काढून बारीक तारेने साफ करा. निपल बाहेर काढल्यावर भोकातून तेल ठिबकतंय का हेही बघा. ठिबकत नसेल तर अडथळा मागे आहे. रबरी होज बाहेरून धडधाकट आणि आतून सुजलेली असू शकते.

फक्त मागच्या चाकांना तेल येत नसेल, आणि गाडीत मागच्या वजनानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल, तर गाडी कशी उचलली आहे ते पाहा. चाकं लोंबकळत असली की व्हॉल्व्हला गाडी पूर्ण रिकामी वाटते आणि तो मागचं तेल रोखतो. स्टँड एक्सलखाली घेऊन सस्पेन्शनवर वजन येऊ द्या.

कोणत्याच चाकाला तेल येत नसेल तर पेडल पूर्ण वर येतंय का हे तपासा. पायाखालची जाड मॅट किंवा चुकीचा बसवलेला दांडा पेडलला किंचित दाबून ठेवत असेल, तर मास्टर सिलेंडरचं छिद्र उघडत नाही आणि टाकीतून तेल आतच येत नाही.

निपल फिरतच नसेल तर जोर लावू नका. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारा, ते डिस्कवर आणि पॅडवर उडू देऊ नका. उघड्या तोंडाचा पाना बाजूला ठेवा, सहा कोनांचा सॉकेट पूर्ण बसवा (डोकं बहुधा ८ किंवा १० मिलिमीटरचं असतं), त्यावर हातोडीचे हलके ठोके द्या आणि आधी केसभर आवळून मग सोडा. परत लावताना बऱ्याच कारमध्ये ७ ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलचा धरा. आवळल्यावरही पाझरत असेल तर शंकूला ओरखडा आहे. आणखी आवळून आटे घालवू नका, निपल बदला.

आधी ठीक होतं, ब्लीडिंगनंतरच बिघडलं

बऱ्याच वर्षांच्या मास्टर सिलेंडरमध्ये पिस्टन रोज एका ठरावीक अंतरापर्यंतच सरकतो. त्यापुढचा भाग गंजतो किंवा गाळाने खडबडीत होतो. हवा काढताना पेडल तळाला नेलं की सीलच्या कडा त्या भागावरून घासून फाटतात, आणि दुसऱ्या दिवसापासून पेडल हळूहळू खाली जाऊ लागतं. जुन्या गाडीत सुरुवात करण्याआधीच पेडलखाली पाच-सात सेंटिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे पेडल पूर्ण खाली जाणार नाही.

चाक धरून राहत असेल तर टाकी काठोकाठ भरली आहे का ते बघा. तेल तापून फुगलं की त्याला जागा लागते. ते नसेल तर चाक जाम असताना निपल किंचित उघडा. तेल उडून चाक सुटलं तर दाब अडकला आहे, सुटलं नाही तर पिस्टन किंवा पिना जाम आहेत. दाब अडकला असेल तर पुढच्या वेळी निपलऐवजी मास्टर सिलेंडरजवळचा जोड सैल करा. तिथे चाक सुटलं तर दोष मास्टर सिलेंडरमध्ये किंवा पेडलच्या दांड्यात, नाही सुटलं तर मधल्या पाइपात किंवा होजमध्ये.

ब्रेक घराजवळ उत्तम आणि लांब उतारावर मऊ, थंड झाल्यावर पुन्हा उत्तम? मग तेलात पाणी आहे आणि ते उकळतंय. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळलं की किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. इथे दोन-चार दाब मारून भागत नाही, सगळं तेल बदला. कारला पाऊण ते एक लिटर धरून चला. बरेच दिवस उघडी पडलेली बाटली वापरू नका, हे तेल हवेतली ओल शोषतं.

डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावं जवळची असली तरी तेलं वेगळी आहेत. डॉट ५ सिलिकॉनचं, ते बाकीच्यांत मिसळायचं नाही. आणि टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं तेल पडलं असेल तर पेडल दाबूसुद्धा नका. टाकीच्या टोपीचं रबर फुगून जागेवर बसत नसेल तर ते तेल आत पोहोचलं आहे असं समजा. मग प्रत्येक सील आणि होज बदलावीच लागते.

रस्त्यावर नेण्याआधी

चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे ठेवा. मास्टर सिलेंडरपासून सर्वात लांबचं चाक आधी हा नियम पुष्कळ गाड्यांना लागू पडतो, पण तिरप्या जोडणीच्या (एक पुढचं चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एका सर्किटवर असलेल्या) गाड्यांत एका सर्किटची दोन चाकं लागोपाठ घ्यावी लागतात.

काम झाल्यावर निपल आणि जोड पाण्याने धुऊन कोरडे करा. पेंटवर तेल सांडलं असेल तर पुसत बसण्याआधी भरपूर पाणी ओता. इंजिन चालू करून पेडल पूर्ण जोराने ३० सेकंद दाबून धरा आणि दुसऱ्याला प्रत्येक निपलवर कोरडा कागद टेकवायला सांगा. कागद ओला झाला नाही, पेडल सरकलं नाही, तर मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने गाडी चार-पाच वेळा थांबवा. निपलवर रबरी टोप्या बसवा, त्या नसल्या की पुढच्या वेळी छिद्र गंजलेलं सापडतं. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत टाकीची पातळी पुन्हा बघा. ती खाली गेली असेल तर तेल वर भरून पुढे जाऊ नका, आधी गळती शोधा.